साठ हजार युनिट ऊन

“माताजी, सिर्फ हाँ या ना. बीच का कुछ नहीं है इसमें.”

खरंच नव्हतं. कालिंदीने चष्मा नाकावर ओढला आणि डॉक्टरांच्या टेबलावरचा कागद वाकून पाहिला. प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकोन. तिसरा नाही. तेहतीस वर्षं तिने एका धर्मादाय इस्पितळाच्या पॅथॉलॉजीत काम केलं होतं. तिथल्या प्रत्येक फॉर्मवर तिसऱ्या उत्तराला जागा असायची: ‘नमुना अपुरा. पुन्हा पाठवा.’ माणसाच्या लघवीला जी सोय होती ती इथे माणसाच्या मनाला नव्हती.

“बोल ना आई,” शेजारच्या खुर्चीवरून निनाद म्हणाला. तिचा एकुलता एक मुलगा. चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, मोबाइल मांडीवर पालथा घातलेला. “बाहेर लाइन लागलीय. साहेबांना टाइम नाहीये.”

“विचारू देत की. मी कुठे पळून चाललेय.”

डॉक्टर तरुण होते. हसले. पेनाचं टोपण काढलं.

प्रश्न १. मन लगता है?

उत्तर: ना.

हे उत्तर निनादने दिलं. “नहीं लगता, सर. पहले पूरा पेपर पढ़ती थीं. अब तो चाय सामने ठंडी हो जाती है.”

चहाचं खरं होतं. चहा यायचा, त्यावर साय धरायची, साय सुरकुतायची, आणि कालिंदी कपाकडे बघत असायची. वेणी तीन-तीन दिवस तशीच. झोप तुकड्यातुकड्यांची. तिला बरं नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि विचारलं असतं तर तिने नीट, क्रमाने सांगितलं असतं. पण डॉक्टर निनादकडे बघून विचारत होते. निनाद डॉक्टरांकडे बघून सांगत होता. मधे एक बाई बसली होती, जिच्याबद्दल हे चाललं होतं.

प्रश्न ४. जो पहले रोज करती थीं, वो अब करती हैं?

उत्तर: ना.

चौकोनात एवढंच मावलं. न मावलेलं असं:

इस्पितळाची पॅथॉलॉजी तळघरात होती. सकाळी आठला उतरायचं, संध्याकाळी पाचला वर यायचं. खिडकी नाही. ट्यूबलाइट, मायक्रोस्कोप, आणि पेशी मोजायचं बटणांचं छोटं यंत्र. शंभर पेशी मोजून झाल्या की ते टिंग वाजायचं. बनारसच्या थंडीत सकाळी धुक्यातून कामावर जायचं आणि धुक्यातूनच परतायचं. मधलं जे दोन-तीन तासांचं ऊन, ते तळघराच्या डोक्यावरून निघून जायचं. असे तेहतीस हिवाळे. निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी विचारलं, “अब क्या करेंगी, पुणतांबेकरजी?” ती म्हणाली, “धूप में बैठूँगी.” सगळे हसले. तिने विनोद केला नव्हता.

आणि ती बसली. ब्रह्मा घाटाच्या गल्लीतल्या आपल्या तीन मजली, चिंचोळ्या घराच्या गच्चीवर, रोज दहा ते बारा. पाठ पंचगंगा घाटावरच्या मशिदीकडे, पाय उन्हात. नवरा श्रीनिवास पाठशाळेत व्याकरण शिकवायचा. तो सावलीत बसून विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला. त्यानंतर ती त्याचीही खुर्ची रोज उन्हात ओढायची आणि बारा वाजता परत सावलीत लावायची. कुणी बघत नसे, म्हणून सांगितलं.

मागच्या वर्षी नोएडातली निनादची नोकरी गेली. तो आणि मधुरा, त्याची बायको, सामान घेऊन परत आले. घराचं होमस्टे करायचं ठरलं. गंगेकडच्या खोल्यांनाच पाहुणे येणार, आणि त्यांतली सगळ्यात चांगली खोली कालिंदीची. निनादला मागायचं धाडस होईना. तीच म्हणाली:

“खोली घे. मी खालच्या खोलीत राहीन. पण दहा ते बारा गच्ची माझी.”

“अगं, सगळंच तुझं आहे आई!”

सगळंच तुझं आहे, असं म्हणून झालं की त्यातलं नेमकं काय आपलं, हे विचारायची सोय राहत नाही.

दहा ते बारा ही पाहुण्यांची नाश्त्याची वेळ निघाली. आधी निनाद म्हणाला, आजचा दिवस. मग म्हणाला, हा आठवडा. मग जिन्याच्या तोंडाशी पाटी आली: ‘ओन्ली फॉर गेस्ट्स’. आणि मग गवत आलं.

हे गवत समजावून सांगायला हवं. बनारसच्या जुन्या घरांत मधोमध, प्रत्येक मजल्याच्या फरशीत, एक लोखंडी जाळी असते. आकाशाचा उजेड गच्चीच्या जाळीतून दुसऱ्या मजल्यावर, तिथून पहिल्यावर, आणि शेवटी तळमजल्याच्या चौकात उतरतो. गल्लीकडून तिथे उजेड येतच नाही. घराला जगायला तेवढी एक नळी. पाहुण्यांपैकी एका बाईच्या सँडलची टाच गच्चीच्या जाळीत अडकली, म्हणून निनादने गच्चीवर प्लास्टिकचं हिरवं गवत पसरलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत. जाळीवरूनही.

त्या दिवसापासून चौकालगतच्या कालिंदीच्या खोलीत भर दुपारी बल्ब लागतो.

गवताचा फोटो होमस्टेच्या पानावर सगळ्यात जास्त लोकांना आवडलाय.

रिपोर्ट

नाव: कालिंदी श्रीनिवास पुणतांबेकर. वय: ७१. व्हिटॅमिन डी: ६.२. सामान्य: ३० ते १००.

“बाप रे! आई, सहा!” मधुराने तोंडावर हात ठेवला. मधुरा इंदूरची, जीव लावणारी. सासूला रोज रात्री पायाला तेल लावून देऊ का विचारायची. “म्हणूनच तुम्ही अशा गप्प गप्प झालात. मी म्हणत होते ना निनाद, कायतरी फिजिकल असणार.”

निनादचा चेहरा उजळला. वाईट आकडा बघून माणसाचा चेहरा उजळतो, हे कालिंदीने इस्पितळातही पाहिलं होतं. आकडा सापडला की बाकीचं शोधावं लागत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. साठ हजार युनिटची एक कॅप्सूल, आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, आठ आठवडे. म्हणाले, “इतनी कमी हो तो मन भी बुझा रहता है कभी-कभी. पहले इसे ठीक करते हैं, माताजी. फिर देखेंगे.”

हे ‘फिर देखेंगे’ तिघांनीही ऐकलं. लक्षात एकीच्या राहिलं.

घरी येताना निनाद ई-रिक्षात म्हणाला, “रविवारी देत जाऊ तुला. संडे, सूर्याचा वार. लक्षात पण राहील.” आणि स्वतःच्या कल्पनेवर खूश होऊन हसला. कालिंदी बाहेर बघत होती. ज्याने ऊन काढून घेतलं तोच ते औषधाच्या पिशवीत घालून घरी नेत होता. तो मनापासून हसत होता. हेच तर. तो दुष्ट असता तर भांडता आलं असतं.

सीता

पहिल्या रविवारी सकाळी सातला, पाहुणे झोपलेले असताना, कालिंदी गच्चीवर गेली. धुकं इतकं की गंगा नव्हतीच. शेजारची गच्ची हातभर अंतरावर. तिथे सीतावहिनी शाल गुंडाळून तुळशीला पाणी घालत होत्या. सीता दीक्षित. पंचाहत्तर वर्षांच्या. चाळीस वर्षं दोघी या कठड्यावरून बोलत आल्या होत्या.

“आलात का बाईसाहेब? मला वाटलं, तुमचं पण बुकिंग करावं लागतं.”

“रिपोर्ट आला. डी सहा आहे.”

“म्हणजे?”

“ऊन कमी पडलंय अंगात.”

सीतावहिनींनी तांब्या खाली ठेवला. “अरे वा. हे कळायला सुई टोचावी लागली? मला विचारायचं होतंत, मी इथून सांगितलं असतं. मग आता? देतायत गच्ची?”

“गोळ्या दिल्यात. आठ.”

“सूर्य डोक्यावर सांडलाय आणि हिला गोळ्या! आणि तू घेणारेस?”

“घेणार. एकही चुकवणार नाही. आणि आठ आठवडे गच्ची मागणारही नाही.”

“डोकं फिरलंय का गं तुझं?”

कालिंदीने कठड्यावर बोटं टेकवली. विचार करताना तिची बोटं आपोआप खालीवर व्हायची, त्या पेशी मोजायच्या यंत्रावर चालत असल्यासारखी.

“वहिनी, एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. तरच कळतं, काय कशाने झालं. गोळी पण घेतली आणि ऊन पण घेतलं, तर उद्या बरं वाटल्यावर म्हणतील, गोळीने वाटलं. आणि नाही वाटलं तर म्हणतील, हिने गोळ्या नीट घेतल्याच नसतील. म्हणून फक्त गोळी. बाकी सगळं आहे तसं. तीच खोली, तोच बल्ब.”

“आणि नाहीच वाटलं बरं, तर?”

“तर त्यांना दिसेल.”

“कुणाला दिसेल?”

“ज्यांनी रिपोर्ट काढला त्यांना.”

सीतावहिनींनी तांब्या उचलला. मग म्हणाल्या, “तू अजून तळघरातच आहेस गं कालिंदी.”

नोंदी

(एका जुन्या डायरीच्या मागच्या पानावर, निळ्या शाईत, लहान सरळ अक्षरात.)

रविवार १. घेतली, दुपारी १.१०, दुधाबरोबर. गच्ची: सकाळी धुक्यात, ऊन नाही. मन: तसंच.

रविवार २. घेतली, १.०५. गच्ची: नाही. मन: तसंच.

रविवार ३. घेतली, १.२०. गच्ची: नाही. मन: खाली. श्रीनिवासची तिथी होती, तेव्हा हा आठवडा मोजण्यात धरू नये.

रविवार ४. घेतली, १.१०. गुडघे जिन्यात कमी दुखतात. हे गोळीचं असू शकेल. नोंद करणं भाग. मन: तसंच.

रविवार ५. घेतली. गच्ची: तीन मिनिटं (चहा).

या तीन मिनिटांचं असं झालं. मधुरा बाजारात होती, निनाद पाहुण्यांना आणायला स्टेशनवर. वरून बेल वाजली. पुन्हा वाजली. कालिंदीने चहा केला, ट्रे घेतला, तीन जिने चढली. गच्चीवर एक तरुण जोडपं बसलं होतं. धुकं नुकतंच फाटलं होतं आणि ऊन असं पडलं होतं की कठड्याची वीट न् वीट वेगळी दिसत होती. श्रीनिवासच्या खुर्चीला पिवळा रंग दिलेला होता. त्यावर मुलीची बॅग होती.

“थँक्यू आंटी,” मुलगी गोड म्हणाली. “आप यहाँ कब से काम कर रही हैं?”

कालिंदीने हिशेब केला. लग्न होऊन ती या घरात आली त्याला.

“सैंतालीस साल से.”

“वाव!” मुलगी नवऱ्याला म्हणाली. “सी, दॅट्स लॉयल्टी.”

पलीकडच्या गच्चीतून सीतावहिनी ओरडल्या, मराठीत, म्हणजे पाहुण्यांना कळू नये आणि कालिंदीला कळावं: “टीप मागून घे गं! सत्तेचाळीस वर्षांची!”

कालिंदी हसली. पुष्कळ दिवसांनी. मग तिच्या लक्षात आलं की ती उन्हात उभी आहे, आणि प्रयोगात हे बसत नाही. ती रिकामा ट्रे घेऊन खाली आली.

संध्याकाळी मधुरा म्हणाली, “आई, तुम्ही कशाला चहा नेलात? गेस्टला कळलं ना तुम्ही निनादच्या आई आहात, तर किती ऑकवर्ड होतं त्यांना.”

त्यांना.

रविवार ६. घेतली. मन: तसंच.

रविवार ७. घेतली. तसंच.

रविवार ८. घेतली. संपल्या. तसंच. रक्त उद्या देणार.

रिपोर्ट

व्हिटॅमिन डी: ४८.६. सामान्य: ३० ते १००.

निनाद रिपोर्ट हातात घेऊनच जिना उतरला. “आई! अठ्ठेचाळीस! एकदम नॉर्मल!” त्याने घरच्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. पुण्याच्या मावसबहिणीने फुलं पाठवली, नागपूरच्या चुलतभावाने हात जोडले. डॉक्टरांनाही रिपोर्ट पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: एक अंगठा. वर केलेला, पिवळा.

“बघ, डॉक्टरांनी पण ओके केलं.”

“ते म्हणाले होते, फिर देखेंगे.”

“अगं मग पाहिलं ना. हेच.”

कालिंदीने रिपोर्ट चष्म्याजवळ नेला. आकडा खरा होता, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. गोळीने जे करायचं ते चोख केलं होतं. हाडांना जे हवं ते हाडांना मिळालं होतं. जिथे कमी होतं तिथे भरलं गेलं. जे काढून घेतलं होतं ते तिथे नव्हतंच. तिने ठरल्याप्रमाणे आठ आठवडे वाट पाहिली होती, आणि आता कुणीतरी विचारेल म्हणून ती थांबली. प्रश्न तोच: मन लगता है? पुन्हा मोजल्याशिवाय औषधाने काय केलं हे कसं कळणार? कुठल्याही लॅबमध्ये आधीचं आणि नंतरचं, दोन्ही मोजतात.

रक्त दोनदा मोजलं गेलं. तो दोन चौकोनांचा कागद दुसऱ्यांदा कुणी काढला नाही.

दोन दिवसांनी ती चौकात बल्बखाली बसून मटार सोलत होती. थंडीतला चूडा-मटर, मटार घातलेले पोहे, पाहुण्यांना आवडतो. मटार सोलता सोलता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी, शेंगांवर. मधुराने पाहिलं आणि निनादला हाक मारली. निनाद आला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, आणि अगदी मायेने म्हणाला:

“आता कशाला रडतेस आई? आता तर रिपोर्ट नॉर्मल आहे.”

कालिंदीची बोटं शेंगेवर थांबली.

सहा आकडा होता तेव्हा तिला गप्प बसायची परवानगी होती. चहा थंड करायची, वेणी न घालायची परवानगी होती. कारण तिच्यात काहीतरी कमी होतं. अठ्ठेचाळीस झाल्याबरोबर ती परवानगी काढून घेतली गेली. आता ती रडली तर तो हट्ट. गप्प बसली तर ती कुरकूर. खोली गेली, गच्ची गेली, उजेड गेला. आणि आता तिच्याच रक्ताचा दाखला तिच्याच विरुद्ध वाचून दाखवला जात होता. आणि हा दाखला तिनेच तयार करून दिला होता. इमानाने. एकही गोळी न चुकवता.

सीतावहिनींचं बरोबर होतं. ज्यांनी रिपोर्ट काढला ते रिपोर्टच्या खाली बघणार नव्हते.

तिने डोळे पदराने पुसले. उरलेले मटार सोलले. टोपली मधुराकडे दिली. मग खोलीत जाऊन बल्ब लावला, डायरीचं कोरं पान फाडलं, पट्टीने रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला दोन चौकोन काढले.

रविवार ९

गोळी नाही.

पाहुणे सारनाथला गेले होते. अकराच्या सुमाराला धुकं उठलं. कालिंदी जिना चढली. पाटी वाचली आणि तिच्यावरून पुढे गेली. एका हातात कागद, दुसऱ्या हातात शिवणाची मोठी कात्री. पिवळ्या खुर्चीवर बसून तिने निनादला हाक मारली. अशी हाक तिने तो शाळेत असताना मारली असेल, निकालाच्या दिवशी.

निनाद आला, मागून मधुरा. पलीकडे सीतावहिनी केस वाळवत होत्या. त्यांनी कंगवा थांबवला.

“बस,” कालिंदी म्हणाली. “पाचच प्रश्न आहेत. हो की नाही. मधलं काही नाही.”

“आई, हे काय नवीन?”

“पहिला. खोली देताना मी काय मागितलं होतं, ते तुला आठवतं?”

“अगं, पण सीझनमध्ये...”

“दोनच चौकोन आहेत, निनाद.”

निनादने मधुराकडे पाहिलं. “हो.”

तिने खूण केली. “दुसरा. आठ आठवड्यांत मी एकदा तरी गोळी चुकवली?”

“नाही. तू एकदम रेग्युलर होतीस.”

“तिसरा. डॉक्टर म्हणाले होते, पहले इसे ठीक करते हैं, फिर देखेंगे. ठीक झालं. नंतर मला कुणी पाहिलं?”

“पाठवला ना रिपोर्ट. त्यांनी लगेच...”

“अंगठा पाठवला. तो हो धरायचा की नाही?”

मधुरा हळूच म्हणाली, “नाही, आई.”

“तुला नाही विचारलं गं. पण बरोबर आहे. लिहिते.” तिने खूण केली. “चौथा. हे गवत पसरलंस तेव्हा या जाळीच्या खाली कोण राहतं, हे तुला ठाऊक होतं?”

गच्चीवर कबुतरं उतरत होती. पंचगंगेकडून कुणीतरी नाववाल्याला साद घालत होतं.

“आई, त्या बाईची टाच अडकली होती. पडली असती, पाय मोडला असता, रिव्ह्यू...”

“हो की नाही.”

“इतकं सोपं नसतं गं हे!” निनादचा आवाज चढला. “तुला काय वाटतं, मला मजा येतेय? नोकरी नाही, सकाळ-संध्याकाळ लोकांच्या बॅगा उचलतो. मी पण झोपत नाही. पूछा कभी? आणि तू एकेक बॉक्स काढून... माणसाचं सगळं हो-नाहीत बसत नाही आई!”

“नाहीच बसत,” कालिंदी म्हणाली. “त्या दिवशी डॉक्टरांसमोर मी तेच म्हणणार होते. तू म्हणालास, बाहेर लाइन लागलीय.”

सीतावहिनींनी कंगवा खाली ठेवला. 

“मला बरं नाहीये, निनाद. ते सहा असतानाही खरं होतं आणि अठ्ठेचाळीसलाही खरं आहे. त्याला गोळी लागेल, तर घेईन मी. अजून डॉक्टर लागतील, तर येईन. पण तुम्ही माझं मन मोजायला गेलात आणि हाडं मोजून परत आलात. चौथ्याचं उत्तर दे.”

निनादने पायाखालच्या गवताकडे पाहिलं.

“हो,” निनाद म्हणाला. “ठाऊक होतं.”

तिने खूण केली. कागदाची घडी घातली.

“पाचवा तोंडी. माझ्या खोलीत तू कधी दिवसा दहा मिनिटं बसलास? बल्ब बंद करून?”

“नाही.”

“मग जा. बस. नमुना अपुरा आहे.”

तिने खुर्ची जाळीच्या जागेजवळ ओढली आणि त्याच्याकडे पाठ केली.

तो खाली गेला. पाहुण्यांचे दोन मजले उतरला, मग चौक, मग तिची खोली. बटणाकडे हात गेला. तिथूनच मागे घेतला. चाचपडत खाटेवर बसला. ओल्या चुन्याचा वास होता. भिंतीपलीकडे पाण्याची मोटर घरघरत होती. सव्वाअकरा वाजले होते, सकाळचे, आणि त्याला आपला हात दिसत नव्हता.

डोळे सरावले तसं एकेक दिसायला लागलं. खिळ्याला दोऱ्याने बांधलेल्या कॅप्सूलच्या दोन रिकाम्या पट्ट्या. बाजूला बाबांचा फोटो, म्हणजे फोटोची नुसती काच. आत कोण आहे ते कळत नव्हतं.

वर कात्री चालल्याचा आवाज आला. जाड काहीतरी कापताना होतो तसा, थांबत थांबत. कर्र. मग थोडी विश्रांती. कर्र. एकाहत्तर वर्षांच्या मनगटाला जेवढी लागते तेवढी.

चौकाच्या फरशीवर एक रेघ उमटली. तिच्या टोकाला काटकोनात दुसरी. मग तिसरी. मग वरून काहीतरी ओढून बाजूला केल्याचा आवाज झाला आणि चौकोन पुरा झाला.

ऊन नव्हतं ते. थंडीत सूर्य कलता असतो, ऊन दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवरच अडतं. तळमजल्याच्या फरशीला ते वैशाख-ज्येष्ठातच टेकतं. खाली आला तो फक्त उजेड. पण तो उंबऱ्यापर्यंत आला, खाटेच्या पायापर्यंत आला, आणि भिंतीवर चढला. पट्ट्यांच्या आठ फुटक्या खणांवर निळ्या शाईत तारखा होत्या, वेळा होत्या, आणि प्रत्येकीखाली तिची छोटी सही. काचेमागे बाबांचा चेहरा आला.

निनाद उठून चौकात गेला आणि त्याने वर पाहिलं. एकावर एक तीन जाळ्या. सगळ्यात वरच्या जाळीवर दोन तळपाय होते, अनवाणी, टाचांना भेगा पडलेले, उन्हात. उजव्या पायाची बोटं एकेक करून लोखंडावर टेकत होती, काहीतरी मोजत असल्यासारखी.

तो हाक मारणार होता. मग त्याने मोबाइलमध्ये वेळ पाहिली. दहा मिनिटं व्हायची होती. तो परत आत जाऊन खाटेवर बसला.